उरलेले सोळा तास

वेळेचा हिशेब

ताडोब्यात सफारी दिवसातून दोनदा. एक पहाटेची, एक दुपारची. प्रत्येक साधारण चार तासांची. दोन्ही केल्या तरी आठ तास होतात. उरलेले सोळा तास माणूस खोलीत, अंगणात, जेवणाच्या टेबलाशी नाहीतर रस्त्यावर असतो. निघण्याआधीची सगळी चौकशी मात्र त्या आठ तासांचीच चालते. कुठल्या गेटला पिल्लांची वाघीण आहे, कुठल्या पाणवठ्यावर कोण येतंय. त्या आठ तासांवर आपली सत्ता फारशी नसते. नियम वनखात्याचे, गाईड पाळीने मिळणार, वाघ त्याच्या मर्जीचा. सोळा तास कुठे आणि कुणाच्या शेजारी घालवायचे, एवढं आपण ठरवू शकतो.

आधी तिकीट, मग खोली

लोक उलटं करतात. फोटो बघून रिसॉर्ट ठरवतात, पैसे भरतात आणि मग सफारी शोधायला बसतात. तोवर जवळच्या गेटची शनिवार-रविवारची तिकिटं संपलेली असतात आणि जी शिल्लक असतात ती जंगलाच्या दुसऱ्या टोकाची. कोअरची, म्हणजे जंगलाच्या गाभ्याची, मुख्य गेटं सहा: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी. परवाना ऑनलाइन निघतो आणि त्यावर गेट, तारीख, वेळ, प्रवाशांची नावं छापलेली असतात. कोलाऱ्याचा परवाना घेऊन मोहर्लीला उभं राहिलं तर कुणी आत सोडत नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय गाईड आणि चालक. म्हणून क्रम असा: तारीख, गेट, तिकीट, आणि सगळ्यात शेवटी खोली.

दहा मिनिटांवर ताडोबा

जाहिरातीतलं हे वाक्य खोटं असतंच असं नाही, पण अपुरं असतं. कुठल्या गेटापासून दहा मिनिटं? कोअरच्या की बफरच्या? सव्वासहाशे चौरस किलोमीटरचं कोअर आणि त्याच्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरच्या आसपासचं बफर. बफरची गेटं वेगळी, परवाने वेगळे. आगरझरी, देवाडा, जुनोना दक्षिणेकडे. अलिझंझा, निमढेला, मदनापूर, बेलारा उत्तरेकडे. बफरमध्येही वाघ दिसतो, कधी कधी कोअरपेक्षा चांगला दिसतो. पण कोअरचं तिकीट हातात असताना बफर गेटाशेजारी राहणं म्हणजे पहाटे चारला उठून दूर पळणं.

वळसा

नकाशावर मोहर्ली आणि कोलारा एकमेकांपासून फार दूर दिसत नाहीत. कोअरच्या पोटातून रस्ताही आहे. तो आपल्यासाठी नाही. बाहेरून जायचं तर भद्रावती, वरोरा, चिमूर असा वळसा, म्हणजे दोन तासांहून जास्त. सकाळची सफारी मोहर्लीतून आणि त्याच दिवशी दुपारची कोलाऱ्यातून, असा बेत कागदावर फार हुशार वाटतो. प्रत्यक्षात मधला वेळ गाडीत जातो, जेवण ढाब्यावर उरकतं, आणि दुपारी जिप्सीत बसल्यावर डोळे मिटायला लागतात.

मोहर्ली

सगळ्यात जुनं आणि गजबजलेलं. चंद्रपूरहून तीसेक किलोमीटर. गावाशेजारी इरई धरणाचं पाणी. ते धरण चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रासाठी बांधलेलं. आता त्याच्या काठावर एमटीडीसीच्या खोल्या आहेत आणि हिवाळ्यात पाण्यावर पक्षी असतात. वनविकास महामंडळाचंही निवासस्थान इथेच. खासगी रिसॉर्टं, साधी लॉजं, घरगुती मुक्काम, किराणा दुकान, पंक्चर काढणारा, सगळं हाकेच्या अंतरावर. इथल्या गाईडांमध्ये गावातल्या बायका आहेत, आणि त्यांच्याबरोबर जंगल बघताना वाघाइतकीच झाडं, औषधं, रानभाज्या यांची माहिती मिळते. आत शिरलं की खातोड्याच्या रस्त्याला गोंड राजवटीतले दगडी खांब उभे दिसतात.

तोटा एकच, गर्दी. सुट्टीच्या दिवशी पहाटे गेटावर जिप्स्यांची रांग लागते. आपण जंगलात चाललोय की लग्नाच्या वरातीत, असा प्रश्न पडतो. पहिल्यांदाच येणाऱ्याने, म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणाऱ्याने आणि सार्वजनिक वाहनाने येणाऱ्याने तरीही इथेच उतरावं. औषधाचं दुकान, डॉक्टर, रेल्वे, काहीही लागलं तर चंद्रपूर जवळ आहे.

कोलारा

नागपूरकडून येणाऱ्याचं गेट. उमरेड, भिसी, चिमूर करत आलं की शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये पोचतो. मोठी, महागडी, एकमेकांपासून लांब पसरलेली रिसॉर्टं या बाजूला जास्त. विमानाने नागपूरला उतरून थेट इथे येणारे पुष्कळ. रिसॉर्टच्या फाटकातून आत गेलं की दुसऱ्या दिवशी जिप्सीतूनच बाहेर यायचं. गावाशी भेट होत नाही. काहींना तेच हवं असतं आणि त्यात वाईट काही नाही. पण अशा ठिकाणी राहून परत गेलेल्या माणसाला कोलारा कसं आहे विचारलं तर तो स्विमिंग पूलचं वर्णन करतो.

झरी, पांगडी

दोन्ही कोळसा वनपरिक्षेत्राची गेटं. डोंगराळ, बांबूचं, दाट जंगल. गाड्या कमी, सोयी कमी, वाघ दिसण्याची बढाईही कमी. वाघ आधी पाहून झालेला असेल आणि आता जंगल बघायचं असेल तर इकडे यावं. राहायला पर्याय थोडे असल्याने इथे तिकिटाआधी खोलीची चौकशी करावी लागते. वरचा क्रम इथे उलटा होतो.

चंद्रपूर शहरात

स्वस्त पडतं. हॉटेलं भरपूर, रात्री अकराला जेवण मिळतं, सकाळी तर्री-पोहे मिळतात. पण सकाळची सफारी साडेपाच-सहाला सुटते आणि गेटावर त्याआधी हजर राहावं लागतं. म्हणजे शहरातून साडेचारच्या आसपास निघणं आलं, अंधारात, जंगलातल्या रस्त्याने. त्या रस्त्यावर रानडुक्कर, चितळ, कधी बिबट्या आडवा येतो. भाड्याच्या गाडीचा चालक रात्रभर गाडी मारून आलेला असेल तर हा पैसा वाचवू नये. दुपारचीच सफारी असेल तर मात्र शहर सोयीचं. सकाळी गोंडकालीन किल्ल्याचा परकोट आणि महाकालीचं मंदिर बघून निघता येतं.

जंगलाच्या आत

एकेकाळी आतच राहायचे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात जाऊन राहिले आणि त्यावर पुस्तक लिहिलं. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले. वनखात्याचं विश्रामगृह, कंदील, खानसामा आणि बाहेर मिट्ट काळोख, अशी त्या मुक्कामाची रीत होती. माणसंही मोजकीच यायची.

२०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन थांबवलं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं, पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांसह. कोअरमधल्या कायमच्या पर्यटक सोयी टप्प्याटप्प्याने कमी कराव्यात, हा त्या सूचनांचा रोख. आत राहण्याची परंपरा काही ठिकाणी टिकली. कॉर्बेटमध्ये रामगंगेकाठचं ढिकाला त्यातलं सगळ्यात नावाजलेलं: शाकाहारी जेवण, दारूबंदी, आवाराभोवती विजेचं कुंपण, अंधार पडल्यावर बाहेर पाऊल टाकायचं नाही. तिथे राहणारा माणूस तक्रार करत नाही, कारण तो सोयीसाठी गेलेलाच नसतो. ज्यांना आतच राहायचंय त्यांनी आधी ही शिस्त आपल्याला झेपेल का, ते बघावं.

कूलर

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जातो. वाघ दिसण्याचा हंगामही तोच, कारण पाणी थोड्या ठिकाणी उरलेलं असतं. विदर्भातला मोठा कूलर या कोरड्या हवेत उत्तम काम करतो; ‘एसी नाही’ म्हणून खोली नाकारू नये. जूनच्या मध्यानंतर हवेत ओल आली की तोच कूलर खोली दमट करतो, तेव्हा एसी हवा. एसीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: दुपारी वीज गेली तर काय? इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी चालत नाही. सकाळची सफारी करून दहा-अकराला परत आलेल्या माणसाला दोन-तीन तास झोप मिळाली नाही तर दुपारची सफारी वाया जाते. छप्पर पत्र्याचं आहे की कौलारू, खोलीवर झाडाची सावली आहे का, हे फोटोत दिसत नाही. विचारावं लागतं.

डिसेंबरात नेमका उलट प्रकार. उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा हाडापर्यंत जातो. तेव्हा विचारायचं ते पहाटे साडेचारच्या गरम पाण्याचं, आणि जिप्सीत घोंगडी किंवा ब्लँकेट देतात का त्याचं.

फोनवर विचारायचे प्रश्न

— माझ्या परवान्यावरच्या गेटापर्यंत किती किलोमीटर, आणि रस्ता कसा?
— पहाटे निघताना चहा मिळेल का? नाश्ता बांधून द्याल का?
— सफारीहून उशीर झाला तर जेवण ठेवता का?
— जिप्सी तुम्ही ठरवता की आम्ही? गेटापर्यंत कशी यायची?
— पायऱ्या किती? संडास खोलीत आहे ना? कमोड की भारतीय?
— लग्नाचा हॉल, डीजे, संगीत असं काही आवारात आहे का?
— जेवण कोण बनवतं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की बाकीचं बरंचसं कळतं. ‘गावातल्या बाया’ असं उत्तर आलं तर पाटवडी-रस्सा, सांबारवडी, गोळाभात पदरात पडण्याची आशा धरायला हरकत नाही. ‘आमच्याकडे मल्टिक्विझीन आहे’ असं आलं तर पनीर ठरलेलं.

घरगुती मुक्काम

बफरमधल्या गावांत आता घरांना जोडून एक-दोन खोल्या काढलेल्या दिसतात. स्वच्छता घराघराप्रमाणे बदलते. कुणाच्या शिफारशीने जाणं बरं. इथे राहण्याचं मोल संध्याकाळी कळतं. ‘दिसला का जी?’ हा पहिला प्रश्न, आणि त्यानंतरच्या गप्पांत पर्यटकांच्या नकाशावर नसलेलं जंगल येतं. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला घरातली माणसं पहाटेच जंगलात निघतात. निघण्यापूर्वी वाघ कुठल्या बाजूला आहे याची ती विचारपूस करतात. पाहुणेही तेच विचारत असतात. पाहुण्याला त्या बाजूला जायचं असतं, घरच्यांना ती बाजू टाळायची असते.

चंद्रपूर जिल्ह्यात वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं मरतात, आणि त्यात जंगलात गेलेली गावातली माणसं जास्त असतात. पर्यटकाचा पैसा त्यांच्या घरात पोचावा असं वाटत असेल तर गाईडला दिलेली बक्षिसी पुरत नाही. मुक्कामही तिथेच करावा लागतो. राज्य सरकारने २०१५ पासून श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना राबवली, तिच्यातून अशा गावांना गॅस वगैरे दिला गेला. सरपणासाठी जंगलात जायची गरज जितकी कमी, तितका वाघाशी सामना कमी. मुक्कामाचं भाडं हेही त्याच दिशेचं काम करू शकतं.

रात्री जेवल्यावर मात्र शतपावलीला रस्त्यावर जायचं नाही. यजमान सांगतील तेवढ्याच अंगणात फिरायचं.

कुंपण

तमिळनाडूत मुदुमलाईच्या शेजारी सिगूर पठार आहे. हत्तींच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर तिथे रिसॉर्टं उभी राहिली. मद्रास उच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्यांच्या विरोधात निकाल दिला आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. जंगल बघायला आलेल्यांच्या खोल्यांनीच जंगलाची वाट अडवली होती.

हा धडा प्रत्येक जंगलाला लागू आहे. रिसॉर्ट बघताना त्याचं कुंपण बघावं. उंच भिंत, वर काटेरी तार आणि रात्रभर झगझगीत दिवे असतील तर इथून प्राण्यांनी जायचं नाही, असं मालकाने आधीच ठरवलेलं असतं. झाडांचं किंवा बांबूचं कुंपण, मंद दिवे, गावाच्या बोअरला कोरडं न पाडणारा पाण्याचा वापर, यांचा उल्लेख कुठल्या रेटिंगमध्ये नसतो. पण पोचल्यावर पाच मिनिटांत ते दिसतं, आणि पुढच्या वेळी कुठे राहायचं याचं उत्तरही मिळतं.

मंगळवार

मंगळवारी ताडोबा बंद. हे न बघता सोमवारी रात्री येऊन थांबलेले प्रवासी नेहमी भेटतात आणि चिडलेले असतात. मुद्दाम मंगळवार मध्ये घेतला तर चांगला विसावा होतो. मोहर्लीकडे असाल तर भद्रावतीचं जैन मंदिर आणि विजासन लेणी, वरोऱ्याजवळ बाबा आमटेंनी १९४९ मध्ये उभं केलेलं आनंदवन. कोलाऱ्याकडे असाल तर १९४२ च्या क्रांतीचं चिमूर आणि रामदेगी. रिसॉर्टवाले या गोष्टी आपणहून सांगत नाहीत, कारण पाहुणा बाहेर गेला की जेवणाचं बिल कमी होतं.

पावसाळा

कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. बफरची काही गेटं रस्ते शाबूत असतील तसतशी चालू राहतात. खोल्यांचे दर उतरतात, गाड्या कमी होतात, पूर्वेकडच्या मूल-सिंदेवाहीच्या बाजूला धानाची रोवणी चालू असते. गवत कमरेएवढं वाढल्याने वाघ दिसणं कठीण. सोळा तासांसाठी येणाऱ्याला हा सगळ्यात चांगला हंगाम आहे. फक्त खोलीला व्हरांडा हवा.

यलोस्टोन

उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेला गेलेले आईवडील हमखास यलोस्टोनला नेले जातात, आणि मुक्कामाचा प्रश्न तिथेही पडतो, फक्त माप वेगळं. यलोस्टोन सुमारे नऊ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे ताडोब्याच्या कोअरच्या चौदापट. गेटाची सक्ती नाही. स्वतःची गाडी घेऊन इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या रस्त्यावर फिरायचं. वेगमर्यादा ताशी बहात्तर किलोमीटरच्या आसपास, आणि गव्यासारखे बायसन रस्त्यात उभे राहिले की शून्य. ओल्ड फेथफुलचा फवारा एका कोपऱ्यात, लांडगे बघायचं लमार खोरं दुसऱ्या कोपऱ्यात. एकाच खोलीवरून दोन्ही करायला जाणारे दिवसाचे पाच-सहा तास गाडीत घालवतात. तिथे दोन मुक्काम करणं शहाणपणाचं.

आतलं ओल्ड फेथफुल इन १९०४ पासूनचं, ओंडक्यांचं; खोलीत टीव्ही नाही, एसी नाही. बाहेरच्या वेस्ट यलोस्टोन किंवा गार्डिनर गावात स्वयंपाकघरासह घर मिळतं, आणि पोळीभाजीशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्यांचा प्रश्न तिथे सुटतो. तंबूत राहणार असाल तर डबा उघड्यावर ठेवायचा नाही. अस्वलासाठी नियम कडक आहेत, आणि थालीपिठाचा वास त्यालाही येतो.

आधीचे रहिवासी

ताडोब्यातल्या जामणीच्या गवताळ मैदानावर जिप्स्या थांबतात. चितळांचे कळप चरत असतात, वाघ गवतातून निघतो, कॅमेरे वाजतात. ते मैदान म्हणजे जामणी गावाची जागा. गेल्या दीड-दोन दशकांत बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं कोअरमधून बाहेर वसवली गेली. शेतं होती तिथे गवत आलं, गवताबरोबर चितळ आले, चितळांबरोबर वाघ. केंद्राच्या योजनेत कुटुंबामागे दहा लाख रुपये मिळत. २०२१ मध्ये ती रक्कम पंधरा लाख झाली. कुणाला बाहेर रस्ता, शाळा, वीज मिळाली म्हणून बरं वाटलं. कुणाला देव आणि तळं मागे राहिलं म्हणून चुटपुट लागली. ताडोबा तळ्याकाठी तारू देवाचं ठाणं आहे आणि पौषात आदिवासी तिथे पूजेला येतात.

गाईड हे सगळं सांगतो का, यावर तो कुठल्या गावचा ते कळतं. विचारलं तर बहुतेक जण सांगतात. वाघ दिसत नसेल तेव्हा विचारावं. कुठे राहायचं हा प्रश्न या जंगलात आपल्याआधी दुसऱ्यांना पडला होता, आणि त्यांना रद्द करून पैसे परत घ्यायची सोय नव्हती.

तीन रात्री असतील तर

दोन रात्री एका गेटाला, एक रात्र दुसऱ्या गेटाच्या गावात. पहिल्या ठिकाणी सोय बघावी, दुसऱ्या ठिकाणी यजमान. चारपेक्षा जास्त सफारी घेऊ नयेत. पाचवीत लोक जिप्सीत डुलक्या काढतात. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, तेव्हा खोलीत तो ठेवायला कुलपाचं कपाट आहे का, बघावं. एक पूर्ण दुपार मोकळी ठेवावी आणि ती वाया गेली असं घरी सांगू नये. वाघ दिसला तर सगळे विचारणार, नाही दिसला तरी तेच विचारणार. राहिलात कुणाकडे, हे क्वचितच कुणी विचारतं. पण पुढच्या वर्षी फोन लावायचा असतो तो त्याच माणसाला.